रेंजरसाहेबांची मछलीपट्टण योजना

रेंजरसाहेब मासा खात नसत. नुसतं खात नसत एवढंच नाही, बाजारच्या दिवशी मासळीची टोपली दिसली की धोतराचा सोगा नाकाला लावून रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जात. आणि याच माणसाने आयुष्यातली सहा वर्षं समुद्रातला एक दांडगा मासा कसा धरायचा याची योजना आखण्यात घातली. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्या पांढरकवड्यात ट्रक ड्रायव्हर रहीमभाई सोडले तर समुद्र पाहिलेला माणूस माझ्या माहितीत नव्हता. त्यामुळे योजनेत चूक काढणारंही कोणी नव्हतं, आणि योजना जोमाने वाढायला एवढं पुरतं.

त्यांचं खरं नाव गावात फार थोड्यांना ठाऊक होतं. जंगलखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झाले आणि पांढरकवड्यालाच राहिले. नाव मागे पडलं, हुद्दा टिकला. उंच, किडकिडीत माणूस. धोतरावर खाकी कोट आणि कोटाच्या चारही खिशांत कागद. मी त्या वेळी हैदराबाद रस्त्यावर, ट्रक थांबत तिथे, एक मशीन टाकून बसलेला टेलर होतो. कागदांनी खिसे फाटत, म्हणून त्यांचा कोट दर दिवाळीला माझ्याकडे दुरुस्तीला येई. कोट येई, साहेब येत नसत.

माशाचं वेड त्यांना वारशाने मिळालं होतं, पण बापाकडून नाही, एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून. इंग्रज गेले तेव्हा या अधिकाऱ्याचं थोडं सामान जंगलबंगल्यात मागे राहिलं. त्यात एक जाडजूड गळाची काठी होती, पितळी चाकावर गुंडाळलेला दोर होता आणि मासेमारीच्या छंदावरच्या इंग्रजी मासिकांचा एक गठ्ठा होता. मासिकं वाळवीने अर्धी खाल्लेली. उरलेल्या अर्ध्यात एक छायाचित्र होतं: खांबाला शेपटीने टांगलेला मासा, माणसाच्या दुप्पट उंच, नाकाच्या जागी भाला, आणि शेजारी अर्ध्या चड्डीतला एक गोरा, जणू मुलीचं लग्न नुकतंच पार पडलंय असा चेहरा करून उभा. खाली नाव छापलं होतं, मार्लिन. साहेबांनी तीस वर्षं वाघ पाहिले होते, अस्वलं पाहिली होती, लाकूडचोर तर मोजता येणार नाहीत इतके पाहिले होते. पण म्हणत, "हे सगळे मला बघून पळाले. समोरासमोर कोणी आलंच नाही."

"टप्प्याटप्प्याने" हा त्यांचा लाडका शब्द. देशात तेव्हा पंचवार्षिक योजना चालू होती आणि साहेबांचा तिच्यावर फार विश्वास होता. त्यांनीही फाइल उघडली. पहिला टप्पा अभ्यास, दुसरा साधनसामग्री, तिसरा सराव, चौथा प्रस्थान, पाचवा मासा. छप्पनच्या उन्हाळ्यात फाइल उघडली तेव्हा पुठ्ठ्यावर मध्य प्रदेश असं लिहिलं होतं. त्याच वर्षी आम्ही मुंबई राज्यात गेलो. साहेबांनी मध्य प्रदेश खोडून मुंबई लिहिलं. साठ साली मुंबई खोडून महाराष्ट्र. साहेब घरातून हलले नव्हते, पण योजना तीन राज्यं फिरून आली. माशाच्या वजनाचंही तेच झालं. मासिकात ते पौंडात होतं, त्याचे साहेबांनी मण आणि शेर केले, आणि पुढे सरकारने किलो आणले तेव्हा पुन्हा तीन दिवस बसून त्याचे किलो केले. न धरलेला मासा तीनदा तोलला गेला, इतकं काम त्या काळी बऱ्याच खऱ्या गोष्टींवरही होत नसे.

जागा ठरवायला मात्र त्यांना एक संध्याकाळ लागली. नकाशावर त्यांना मछलीपट्टण दिसलं. आमच्या दारावरून जाणारा रस्ता हैदराबादला जातो आणि हैदराबादहून पुढे मछलीपट्टणला. "गावाच्या नावातच मछली आहे," ते म्हणाले, "याहून मोठा पुरावा मुंबईलाही मिळणार नाही." रहीमभाई एकदा तिकडे माल घेऊन गेले होते. त्यांना बोलावून साहेबांनी विचारलं, समुद्र कसा आहे. रहीमभाई थोडा वेळ विचार करून म्हणाले, "बहोत है साहब." साहेबांनी ते लिहून घेतलं.

सत्तावन्न साली त्यांनी मला बोलावणं पाठवलं. मी जाऊन ओसरीच्या पायरीशी उभा राहिलो. त्यांनी मासिकातलं एक चित्र पुढे धरलं. खुर्चीत बसलेला गोरा, त्याच्या छातीपाठीवर घोड्याच्या साजासारखे पट्टे, पोटाशी एक खोबण आणि खोबणीत काठीचं बूड. "असा पट्टा शिवायचा," साहेब म्हणाले. "मासा ओढेल तेव्हा जोर हातांवर न येता पाठीवर आला पाहिजे."

"शिवतो साहेब," मी म्हणालो. "पण माप घ्या लागते."

इथे योजना अडली. आमच्यासारख्या टेलरचा हात अंगाला लागू नये म्हणून चांगल्या घरांतून मापाला जुना सदरा पाठवायची पद्धत होती. साहेबांचा कोट तसाच येई. पण माशाशी झुंजायच्या पट्ट्याचा जुना नमुना कुठून आणणार? साहेबांनी फाइल उघडून पाहिली. तिच्यात याबद्दल काही नव्हतं.

"कोटावरून घ्या माप."

"कोट ढिला रायते साहेब. पट्टा अंगाले बसला पाह्यजे. नाई तं मासा पट्टा घेऊन जाईन अन् तुमी नावेतच राहान."

साहेब उठले, पायरी उतरून अंगणात आले, दोन्ही हात पसरले आणि डोळे मिटून उभे राहिले. देवी टोचून घेताना लोक उभे राहत तसे. मी छाती मोजली, पाठ मोजली, खांद्यावरून कमरेपर्यंत टेप आणली. सगळा वेळ त्यांनी श्वास रोखून धरला होता, त्यामुळे छाती दोन इंच जास्त भरली आणि दुसऱ्यांदा मोजावी लागली. दुसऱ्या वेळी डोळे उघडे होते.

छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आलो होतो. घरातले देव नदीत सोडले, आणि मी स्वतःपुरतं आणखी एक ठरवलं, की वेगळ्या कपातून चहा प्यायचा नाही. साहेबांच्या ओसरीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप आमच्यासाठी उपडा घातलेला असे. माप झाल्यावर त्याच कपात चहा आला. मी हात जोडून निघालो.

"चहा का नाही?" साहेबांनी विचारलं.

"सोडला साहेब."

"चहा सोडला?"

"चहा नाई. कप सोडला."

पट्ट्याच्या कामासाठी मी पुढे तीन-चार खेपा घातल्या, आणि दर खेपेला तोच कप आला आणि तसाच आत गेला. मग एकदा बाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, स्वतः बाहेर आल्या. ठेंगण्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्या हातात दोन सारखे पांढरे कप होते. एक त्यांनी साहेबांपुढे ठेवला, एक माझ्यापुढे, आणि आत निघून गेल्या. साहेब फाइलीत डोकं घालून बसले होते. त्यांनी एक पान उलटलं, मग तेच पान परत उलटलं. त्या योजनेत प्रत्यक्ष झालेलं ते पहिलं काम, आणि फाइलीत नेमकी त्याचीच नोंद नाही.

पट्टा मी रहीमभाईंच्या जुन्या ताडपत्रीचा शिवला. मेण लावलेला दोरा आणि सगळीकडे दुहेरी टीप. मशीनच्या दोन सुया मोडल्या. बायको म्हणाली, "हे कोन्या बैलासाठी शिवून राह्यले?" मी म्हणालो, रेंजरसाहेबासाठी. ती म्हणाली, "मंग बराबर हाये."

तिसरा टप्पा सरावाचा. मासिकातल्यासारखी फिरणारी खुर्ची हवी होती, ती गावात एकाच ठिकाणी होती, न्हाव्याच्या दुकानात. साहेबांनी ती दोन दिवसांसाठी मागून आणली आणि बैलगाडीवर दोरांनी करकचून बांधली. गाडी नेली केळापूरच्या वाटेवरच्या डोहाकाठी. माशाच्या जागी एक रेडा ठरवला होता. रेडा पाण्यात उतरायचा, साहेबांनी खुर्चीत बसून त्याला ओढून काठाला आणायचं. बघायला एवढी माणसं जमली की एका माणसाने तिथेच फुटाण्याचं दुकान मांडलं. साहेब पट्टा बांधून खुर्चीत बसले, काठीचं बूड खोबणीत रोवलं आणि म्हणाले, "सोडा." रेडा पाण्यात शिरला, सुखावला आणि पलीकडच्या काठाला निघाला. दोर ताणला. क्षणभर साहेब खरोखरच त्या चित्रातल्या गोऱ्यासारखे दिसले. मग खुर्चीचे दोर सुटले. साहेब खुर्चीसकट गाडीवरून उतरले, खुर्ची चिखलात राहिली आणि साहेब पुढे गेले.

रेड्याला थांबवून आम्ही त्यांना बाहेर काढलं. चष्मा गेला होता. डोक्यापासून पायापर्यंत चिखल. त्यांनी आधी पट्टा चाचपून पाहिला, एकेक टीप अंगठ्याने दाबत. "पट्टा पास," ते म्हणाले. "खुर्ची नापास. लिहा." कागद माझ्याकडे नव्हता, त्यांच्या खिशातले भिजले होते. तरी मी लिहितोय असं केलं, कारण ते वाट पाहत होते. त्या दिवसापासून ते मला दौलतराव म्हणू लागले. त्याआधी मी "टेलर" होतो.

होडी एकट्याने चालत नाही, म्हणून समिती झाली. गावातले वकीलसाहेब आले, कारण त्यांच्याकडे जीप होती. हेडमास्तर आले, कारण वकीलसाहेब आले होते. रहीमभाई आणि मी कामापुरते. बैठक ओसरीवर होई. वकीलसाहेब आरामखुर्चीत, बाकीचे सतरंजीवर. सुरुवातीच्या बैठका सुरळीत गेल्या, कारण त्यांत काहीच ठरत नव्हतं. मग अठ्ठावन्नच्या पावसाळ्यात नावेत कोण कोण बसणार याची यादी वाचली गेली आणि वकीलसाहेब खाकरले.

"पाण्याचा प्रश्न आहे."

"समुद्रात?" साहेबांनी विचारलं.

"प्यायच्या पाण्याचा," वकीलसाहेब म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. "आमचं काही नाही. पण घरी विचारतात. दोन मडकी ठेवता आली तर बरं."

हेडमास्तरांनी मान हलवली. रहीमभाई विडी विझवून उठायच्या बेतात होते, त्यांना कळलं होतं की दुसऱ्या मडक्यात त्यांचाही वाटा आहे. मी सतरंजीच्या दशा बघत बसलो. खरं सांगायचं तर साहेब काय बोलतील याची मला खात्री नव्हती. तो कान तुटलेला कप मी विसरलो नव्हतो.

साहेबांनी चष्मा लावून फाइल उघडली. बराच वेळ आकडे पाहिले. "नावेत एका मडक्याची जागा धरली आहे," ते म्हणाले. "दुसरं ठेवायचं तर एक माणूस कमी करावा लागेल. दौलतरावांना कमी करता येत नाही. भर समुद्रात पट्टा उसवला तर शिवणार कोण? रहीमभाईंशिवाय तेलुगू कोणाला येत नाही. मास्तरांचं वजन कमी आहे. वकील कमी करता येतो."

वकीलसाहेब त्याच संध्याकाळी कमी झाले, त्यांच्यामागे हेडमास्तर, आणि दोघांबरोबर जीप. पुढे दोन-तीन वर्षं योजना तिथेच अडकून राहिली. मला त्या दिवशी बरं वाटलं आणि घरी पोचेपर्यंत रागही आला. साहेबांनी माझी बाजू घेतली ती पट्ट्यासाठी. दुसऱ्या दिवशी मी जाऊन विचारलंच, "साहेब, पट्टा शिवता आला नसता तं?"

बाई आत तांदूळ निवडत होत्या, सुपाचा आवाज थांबला होता.

"तर दुसरं कारण शोधावं लागलं असतं," साहेब म्हणाले. "खरं कारण सांगायची मला सवय नाही, दौलतराव. नोकरीत कधी उपयोगी पडलं नाही."

एवढं बोलून त्यांनी फाइल बांधली. सुपाचा आवाज पुन्हा सुरू झाला.

प्रस्थानाचा टप्पा ठरवून आलाच नाही. एकसष्टच्या थंडीत एका सकाळी रहीमभाईंचा ट्रक माझ्या दुकानासमोर थांबला. ट्रकमध्ये सागाच्या फळ्या होत्या, तिकडे नावा बांधायला लागतात त्या, आणि त्या थेट मछलीपट्टणला जायच्या होत्या. "अभी निकलना है," रहीमभाई म्हणाले. "साहबको पूछो." मी धावत गेलो. साहेब म्हणाले, अशक्य. दुसऱ्या टप्प्यातल्या अकरा बाबी बाकी आहेत. खुर्ची नाही, दुर्बीण नाही, पावसाळी टोप्या नाहीत. मग बाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात दशम्यांची पिशवी आणि साहेबांची छत्री होती. "जाऊन या," त्या म्हणाल्या. "सहा वर्षं झाली. मला आता तो मासा घरात नको." साहेबांनी छत्री घेतली.

मी दुकानाला कुलूप लावलं. काठी, पट्टा, फाइल आणि आम्ही तिघं केबिनमध्ये. वाटेत दोन दिवस साहेब दशम्या खात आणि खिडकीबाहेर बघत बसले. आदिलाबाद गेल्यावर म्हणाले, "जंगल आपल्यासारखंच आहे."

समुद्र गावापासून बराच दूर निघाला. बंदरावर पोचलो तेव्हा वाळत घातलेल्या मासळीचा वास असा आला की साहेबांनी छत्री उघडून तोंडासमोर धरली. छत्रीच्या आडून त्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. मीही पहिल्यांदाच पाहत होतो. मला वाटलं ते काहीतरी म्हणतील. ते एवढंच म्हणाले, "रहीमभाईंनी बरोबर सांगितलं होतं."

एक म्हातारा कोळी आपली शिडाची नाव द्यायला तयार झाला. साहेबांनी त्याला मासिकातलं छायाचित्र दाखवलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि बरंच बोलला. रहीमभाईंनी सांगितलं, "ये मछली इधर है साहब. दूर गहरे पानी में. जाल फाड देती है. ये पूछ रहा है, इसने आपका क्या बिगाडा है."

"काही नाही," साहेब म्हणाले. "त्याला सांगा, ओळख नाही म्हणून आलोय."

पहाटे निघालो. रहीमभाई आणि आम्ही दोघं, म्हातारा आणि त्याचे दोन भाऊ. मडकं एकच होतं. गढूळ पाणी संपायच्या आतच साहेबांना समुद्र लागला. फाइलीत त्यावर लिंबू सुचवलं होतं. सहा लिंबं झाली, उपयोग झाला नाही. निळं पाणी आलं तेव्हा ते नावेच्या तळाशी आडवे पडले होते, तोंड पिवळं. गळाला हातभर लांब मासा लावून म्हाताऱ्याने तो मागे सोडला. साहेबांनी डोळे न उघडता सांगितलं, "दौलतराव, पट्टा तुम्ही घाला."

"तुमच्या मापाचा हाये साहेब."

"मग आवळून घ्या. तेवढ्यासाठी तर आणलंय तुम्हाला."

सुई-दोरा माझ्या टोपीतच असे. दोन्ही खांद्यांवर चुणी घेऊन मी चार टाके घातले आणि पट्टा चढवला. ऊन वर आलं. तास गेले. मी मनातून म्हणत होतो, काही न लागो. मग चाक किंचाळलं.

त्यापुढचं मला एकसारखं आठवत नाही. दोर सुटत होता आणि मी फळीला पाय रोवून मागे रेललो होतो. छातीवरचा पट्टा असा आवळला की श्वास निघेना. म्हातारा ओरडत होता, रहीमभाई त्याचं हिंदी करत होते, आणि साहेब नावेच्या तळाशी कुशीवर वळून फाइल उघडून मला सूचना वाचत होते. "पान चौपन्न. मासा धावत असता दोर अडवू नये." मग ओकारी. मग पुन्हा. "माशाने दिशा बदलल्यास..." इथे वाऱ्याने दोन पानं एकदम उलटली असावीत, कारण पुढे ते म्हणाले, "तांदूळ आठ शेर, तूरडाळ तीन." मी त्यातलं काही ऐकत नव्हतो. मशीनवर दोरा किती ताणला की तुटतो हे बोटांना कळतं, तेवढ्यावर मी होतो. तळहात सोलले. किती वेळ गेला ठाऊक नाही. रहीमभाई म्हणत तास, मला अख्खा दिवस वाटला.

आणि तो वर आला. नावेपासून दोनशे हातांवर पाणी फुटलं आणि तो पूर्ण बाहेर निघाला, निळा, जांभळा, तो भाला आभाळाकडे. छायाचित्रातला मासा मेलेला होता. हा जिवंत होता, आणि दोघांत काही संबंध नव्हता. साहेब गुडघ्यांवर उठले होते, नावेची कड धरून. दुसऱ्यांदा तो उडाला तेव्हा माझ्या हातातल्या दोराची ओढ एकदम गेली आणि मी उताणा पडलो.

दोर ओढून घेतला. गळ होता, पण आमच्या लोहाराने वाकवलेला तो गळ दाभणासारखा सरळ झाला होता. मला वाटलं, सहा वर्षं माझ्या हातून गेली.

साहेब अजून गुडघ्यांवरच होते, पाण्याकडे बघत. "दौलतराव," ते म्हणाले, "आहे तो."

"हो साहेब."

"खरंच आहे. मला मधूनमधून शंका यायची."

परतीला ट्रकमध्ये सुक्या मासळीची पोती भरली होती. साहेबांनी छत्री उघडली नाही.

गावात आल्यावर त्यांनी सतरा पानांचा अहवाल लिहिला आणि वाचनालयात नेऊन ठेवला. त्यात एक ओळ अशी होती: काठीवर श्री. दौलत, टेलर, लेखक आजारी असल्याने तळाशी. वकीलसाहेबांनी तो वाचला आणि चारचौघांत म्हणाले, "म्हणजे मासा सुटला. योजना फसलीच की." मी तिथेच होतो, वाचनालयाचे पडदे शिवायला गेलो होतो. साहेब म्हणाले, "वकीलसाहेब, योजनेतला मासा निदान एकदा दिसला, असं तुम्ही आणखी कुठल्या योजनेत पाहिलंय?" वकीलसाहेबांनी अहवाल जागेवर ठेवला. नंतर ते माझ्या दुकानात आले, कोट शिवायला, आणि माप स्वतः उभं राहून दिलं. माप घेताना त्यांनी हळूच विचारलं, तो खरंच निळा होता का.

चौसष्ट साली साहेब मुलाकडे नागपूरला राहायला गेले. जाताना बसपाशी आम्ही दोघं बराच वेळ उभे होतो. बोललो ते सगळं बसच्या वेळेबद्दल. पुढे पत्रं येत, आधी लांबलचक, मग पोस्टकार्डं, मग बाईंच्या हातची दोन ओळींची कार्डं.

अडुसष्टच्या हिवाळ्यात मी कापड घ्यायला नागपूरला गेलो आणि त्यांच्या घरी गेलो. बाईंनी दार उघडलं. "बसा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ओळखतील. बाकीचं सांगता येत नाही." साहेब खाटेवर बसले होते, फार बारीक झालेले. मला बघून चेहरा उजळला. शेजारचे एक गृहस्थ आले होते, त्यांना साहेब सांगू लागले, हे दौलतराव, यांनी मछलीपट्टणच्या समुद्रात मार्लिनशी झुंज दिली. सगळं सांगितलं. शिड, म्हातारा, चाकाचा आवाज, दोन उड्या. एक शब्द इकडचा तिकडे नाही. गृहस्थ कौतुकाने माझ्याकडे बघत गेले.

मग साहेब माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "माझं जायचं मात्र राहिलं."

"तुमी होते ना साहेब तिथं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. समजूत घालणाऱ्या माणसाचं मन मोडू नये इतपत हसले. "नाही, दौलतराव. बाबी बाकी होत्या. मला आठवतंय."

मी बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. मी खाटेवर त्यांच्याजवळ सरकून बसलो. "नावेतच होते तुमी. माझ्या मागं. मी ओढत होतो अन् तुमी सांगून राह्यले होते, आता ढिला सोडा, आता अडवा. मले काय माहीत होतं त्यातलं?"

साहेब माझ्या तोंडाकडे बघत राहिले. डोळ्यांत काहीतरी शोधत होते, सापडलं की नाही कळलं नाही.

"मी बरोबर सांगत होतो का?" त्यांनी विचारलं.

"बराबर सांगत होते साहेब," मी म्हणालो. "सगळं बराबर."